करपलेले हुलगे

मागच्या पौषात आत्याबाईंनी माडग्यासाठी हुलगे भाजायला घेतले होते. चुलीवर लोखंडी कढई, खाली तुराट्यांचा जाळ. हुलगे तडतडायला लागले आणि तेवढ्यात नणंदेचा नाशिकहून फोन आला. लेकीचा आवाज कानावर पडला की आत्याबाईंना दुसरं काही सुचत नाही. घरभर धूर झाला तेव्हा त्या धावल्या. वरचे हुलगे तपकिरी, तळाचे पार कोळसा. "करपलं गं बाई समदं," म्हणत त्या कढई घेऊन उकिरड्याकडं निघाल्या आणि मी आतून ओरडले, "आत्याबाई, टाकू नका ते!"

"आगं, काय करतीस त्या कोळशाचं?"

"दाखवते. आधी थंड होऊ द्या."

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माहेर संगमनेरकडचं, सासर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. माझ्या माहेराशेजारी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं. तांबूस-नारिंगी रंगाची, काळ्या नक्षीची, वाजवली तर धातूसारखी खणखणणारी खापरं निघाली आणि ताम्रपाषाणयुगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. लहानपणी मला हे कुणी सांगितलं नाही. आणि लग्न होऊन जिथं आले, तिथून मोटारसायकलवर पाऊण तासावर इनामगाव आहे. त्याच जोर्वे संस्कृतीची सगळ्यात बारकाईनं खणलेली वस्ती. प्रवरेच्या खोऱ्यातून घोडेच्या खोऱ्यात मी आले तशीच ती खापरंही आली होती, माझ्या तीन हजार वर्षं आधी.

इनामगावचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं. १९६८ साली सुरुवात झाली आणि काम १९८३ पर्यंत चाललं. सांकलिया, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. १९८८ मध्ये अहवाल छापून आला. शंभराहून जास्त घरं उघडी झाली. इ. स. पू. १६०० च्या सुमाराला वस्ती सुरू झाली, इ. स. पू. ७०० च्या आसपास संपली. नऊशे वर्षं एकाच काठावर माणसं राहिली, पेरत राहिली, मरत राहिली. त्यांची लहान मुलं गेली की दोन मडक्यांची तोंडं जुळवून, आत बाळ ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरत. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

पण मला त्या लोकांबद्दल सगळ्यात जास्त जे कळलं, ते मडक्यांतून किंवा हाडांतून नाही कळलं. जळक्या दाण्यांतून कळलं.

साधा दाणा मातीत पडला तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. तो उगवतो, नाहीतर किडतो, नाहीतर कुजतो. दोन पावसाळ्यांत त्याचं नाव राहत नाही. सरळ जाळात पडला तर राख होते. पण कढईच्या तळाशी, किंवा चुलीच्या राखेखाली, जिथं हवा कमी आणि धग जास्त, तिथं तो जळून कोळसा होतो आणि आकार मात्र तसाच राहतो. कोळसा बुरशीला नको, किड्याला नको, मुंगीला नको. तो मातीत हजारो वर्षं पडून राहतो. म्हणजे जे नीट शिजलं ते पोटात गेलं आणि संपलं. जे कुणाच्या तरी हातून करपलं आणि केर काढताना कोपऱ्यात गेलं, तेच आपल्यापर्यंत आलं. त्या बाईचं लक्ष कशानं उडालं असेल? बाळ रडलं असेल, गुरं सुटली असतील, कुणी पाहुणा आला असेल.

बारा वर्षांपूर्वी पुण्यात शिक्षकांसाठी झालेल्या एका कार्यशाळेत मी पहिल्यांदा असे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शिकवणाऱ्यांनी सात-आठ दाणे मांडले होते आणि ओळखा म्हणाले होते. मसूर ओळखू आली, भिंगासारखी, कडेला धार. सातू, म्हणजे जव, ओळखू आला, दोन्ही टोकांना निमुळता, पाठीवर टरफलाच्या रेघा. एक दाणा चपटा, किंचित मुडपलेला, मूत्रपिंडाच्या आकाराचा. मी म्हटलं, हुलगा. माझ्या शेजारी बसलेल्या मुंबईच्या बाई म्हणाल्या, कुळीथ. दोघी बरोबर होतो. त्या दाण्याकडं मी इतका वेळ बघत राहिले की रांगेत मागं उभे असलेले खोकायला लागले.

तर कढई थंड झाल्यावर आम्ही अंगणात बसलो. मी शेतातली पाटीभर काळी माती आणली, चांगली वाळवलेली. तीत जळके हुलगे मिसळले, थोडी चुलीची राखही. बादलीत पाणी घेतलं, चमचाभर खाण्याचा सोडा घातला, कारण आपली काळी माती इतकी चिकट की दाण्यांना सोडत नाही. मग माती हळूहळू पाण्यात सोडून हातानं ढवळली. माती खाली बसली, खडे खाली बसले आणि काळे हुलगे एकेक करून वर आले, तरंगायला लागले. ते मी मामंजींच्या जुन्या मलमलच्या तुकड्यावर ओतून गाळले आणि सावलीत ठेवले. उन्हात ठेवले तर तडकतात.

आत्याबाई बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर आमी पाखडतो तसंच की. तुमी पाण्यात पाखडता."

मला इतकी वर्षं याहून नेमकं सांगता आलेलं नाही. याला शास्त्रात तरंगण पद्धत म्हणतात, आणि ती वापरात येण्याआधी उत्खननात नुसत्या डोळ्यांनी दिसतील तेवढेच दाणे हाती लागायचे. इनामगावला मात्र माती अशी धुऊन बघितली गेली. एम. डी. काजळे यांनी त्या दाण्यांचा अभ्यास केला. त्यातून एक अख्खं शिवार उभं राहिलं. सातू, गहू, मसूर, लाख, वाटाणा, वाल, मूग, हुलगा. शिवाय बोरांच्या आठळ्या. ही यादी मी आत्याबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्या प्रत्येक नावावर मान हलवत होत्या, लग्नपत्रिकेतली ओळखीची नावं ऐकावीत तशा. लाखेला थांबल्या. "लाख आमच्या माहेरी लई खायचे दुष्काळात. पाय जायचे लोकांचे." खरंच आहे ते. लाखेची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. पण दुसरं सगळं वाळतं तेव्हाही लाख तग धरते, म्हणून माणसं ती पेरत आली.

मग त्यांनी विचारलं, "आन् भाकरी कशाची खायची ती लोकं? बाजरीचं नाव नाही घेतलंस."

नाही घेतलं, कारण त्यांचं मुख्य धान्य सातू होतं. आज ज्या शिरूर तालुक्यात बाजरीशिवाय हिवाळा होत नाही आणि ज्वारीशिवाय वर्ष होत नाही, तिथं तीन हजार वर्षांपूर्वी घराघरात सातू होता. ज्वारी आणि बाजरी दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या. त्या आपल्याकडं नेमक्या केव्हा आणि कुठल्या वाटेनं आल्या यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. आणि त्या वादाचं एक कारण आमच्या शेतात, पायाखालीच आहे.

चैत्रात आमचं रान असं भेगाळतं की हात कोपरापर्यंत आत जातो. धाकटा लहान असताना त्याची काचेची गोटी अशाच एका भेगेत गेली, तासभर उकरूनही मिळाली नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, वरचं खाली जातं, खालचं वर येतं. जुने लोक म्हणतात, काळं रान आपलं आपण नांगरतं. आता विचार करा, त्या भेगेत गोटीऐवजी ज्वारीचा जळका दाणा पडला आणि तीन फूट खाली जुन्या थरात जाऊन बसला तर? उत्खनन करणाऱ्याला तो तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीशेजारी सापडेल. उंदरांची बिळं आहेत, मुंग्या आहेत, त्यांचाही हातभार. म्हणून आता नुसत्या थरावर कुणी विसंबत नाही. एकाच दाण्याचं कार्बनवरून वय काढता येतं, इतकं तंत्र सूक्ष्म झालंय. पण त्यासाठी तो दाणा बळी द्यावा लागतो. मला हे वाचताना पोटात कालवलं होतं. एकुलता एक दाणा, तीन हजार वर्षं टिकलेला, आणि त्याचं वय कळावं म्हणून तो संपवायचा.

याच काळ्या मातीमुळं सातू मात्र इथं जगला. सातू, गहू, मसूर, वाटाणा, लाख ही सगळी हिवाळी पिकं, मूळची पश्चिम आशियातली. तिकडं पाऊस थंडीत पडतो. आपल्याकडं थंडीत आभाळ कोरडं. पण काळी माती पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते आणि रब्बीला हळूहळू सोडते. मूग आणि हुलगा ही इथली, पावसाळ्याची. म्हणजे एकाच गावात, एकाच घराच्या कणगीशेजारी, दूरदेशाहून आलेलं रब्बीचं पीक आणि घरचं खरिपाचं पीक. खरीप आणि रब्बी या जोडीवर आपलं सगळं पंचांग, सगळे सण, सावकाराचे हप्तेसुद्धा चालतात. ती जोडी आमच्या खोऱ्यात इतकी जुनी आहे.

त्यांची साठवणही ओळखीची वाटते. जमिनीत खणलेली, चुन्यानं-मातीनं लिंपलेली पेवं होती. कणग्या ठेवायला गोल ओटे होते. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं, म्हणून ते गावाच्या प्रमुखाचं घर असावं असं अभ्यासक मानतात. "पेव फुटलं" असं आपण सहज म्हणतो. आमच्या वाड्यात मागच्या बाजूला खरंखुरं पेव होतं, मामंजींच्या वडिलांच्या वेळचं. ते उघडलं की आधी कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. आत्याबाईंनी ते शेवटचं उघडलेलं पाहिलंय, बहात्तरच्या दुष्काळात.

इनामगावच्या लोकांनी पाण्याचंही काही करून ठेवलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त थक्क यानं केलं. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता, सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. त्याला लागून दगड-मातीचा बांध, दोनशे मीटरहून लांब. लोखंड अजून आलेलं नव्हतं. तांबं थोडं आणि महागडं. खणायला काय असेल? टोकाला दगड लावलेल्या काठ्या, लाकडी फावडी, आणि पाट्या. आमच्याकडं बांधबंदिस्तीचं काम निघालं की पोकलेन येतो, चार दिवसांत उरकतो. पण आत्याबाईंनी रोजगार हमीवर पाझर तलावाची माती डोक्यावरून वाहिलेली आहे. मी त्यांना पाटाची मापं सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लई बाया लागल्या आस्तील."

हे कुठल्याच अहवालात मी वाचलं नाही. बांधाची लांबी असते, रुंदी असते, पाट्या वाहणारे हात नसतात.

तो पाट गव्हासाठी असावा असं मानतात, कारण गव्हाला सातूपेक्षा पाणी जास्त लागतं. इ. स. पू. १४०० ते १००० हा त्यांचा भरभराटीचा काळ. चौकोनी ऐसपैस घरं, कुडाच्या भिंती, रांगेत मांडलेली वस्ती. मग इ. स. पू. १००० नंतर चित्र बदलतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गहू जवळजवळ दिसेनासा होतो. गाईबैलांची हाडं कमी होतात, शेळ्यामेंढ्यांची वाढतात, हरणांची शिकार वाढते. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पाऊस कमी होत गेला, शेती परवडेना, आणि माणसं गावातल्या शेतकऱ्याची मेंढपाळ झाली. पुढच्या अभ्यासकांनी एकट्या पावसावर सगळा भार टाकायला हरकत घेतली आहे. जमिनीचा कस, गुरांची चराई, झाडतोड, लोकसंख्या, असं बरंच काही एकात एक गुंतलेलं असतं. शेवटच्या काळातल्या मुलांच्या हाडांवर उपासमारीच्या खुणा दिसतात, एवढं मात्र खरं.

मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पण आमच्या घरात १९७२ चा दुष्काळ पाहिलेलं माणूस आहे, आणि त्या घरात आधी काय विकलं गेलं ते मला ठाऊक आहे. आधी बैलजोडी गेली. शेळ्या शेवटपर्यंत राहिल्या. चारा नसला तरी शेळी बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर जगते. त्यामुळं ढवळीकरांनी हाडांवरून लावलेला अर्थ वाचताना मला तो तर्क वाटला नाही. घरचा हिशेब वाटला.

असंच एकदा राजस्थानातल्या कालीबंगाबद्दल वाचताना झालं. बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी १९६० च्या दशकात ते खणलं. तिथं साडेचार हजार वर्षांहून जुनं, नांगरलेलं शेत मिळालं. दाणा नाही, अवजार नाही, नुसती नांगराची तासं. एका दिशेला जवळजवळ, साधारण ३० सेंटीमीटरवर. त्यांना आडवी दुसरी तासं, लांब लांब, पावणेदोन-दोन मीटरवर. त्या भागात आजही एका दिशेच्या तासांत मोहरी आणि दुसऱ्या दिशेच्या तासांत कडधान्य पेरतात. फोटो मी घरी आमच्या यांना दाखवला. यांनी मोबाईल आडवा-उभा फिरवून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "पाभर नव्हती, पण डोकं होतं. मोहरीची सावली कडधान्यावर पडत नाही या अंतरावर." ऊन कुठल्या बाजूनं येणार याचा विचार करून कुणीतरी ती तासं ओढली होती, हे मला यांनी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातं. आपल्याकडं जमिनीला दोन नावं. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पिढ्यानपिढ्या माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, गुरं बांधली, राख, शेण, हाडं, केरकचरा साठत गेला की ती माती भुरकट पांढरी होते. जुन्या वस्तीचं टेकाड शेतकऱ्याला लांबून ओळखू येतं. आणि ती माती म्हणजे खत. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असतं, आणि ते शतकानुशतकं जागचं हलत नाही. म्हणूनच पुरातत्त्वाचे लोक मातीतल्या स्फुरदावरून कुठं गोठा होता, कुठं वस्ती होती याचा अंदाज बांधतात. शेतकऱ्यानं हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं. मामंजी सांगायचे, त्यांच्या तरुणपणी नदीकडच्या एका टेकाडावरून बैलगाड्या भरभरून पांढरी माती कांद्याच्या वाफ्यांत घातली. कांदा असा आला की बघत राहावं. मातीत खापरं यायची, मणी यायचे, ते बांधावर फेकून द्यायचे.

त्या गाड्यांतून किती घरं गेली असतील. किती चुली, किती करपलेले दाणे. मामंजींचा दोष मी कसा काढू? चार लेकरं, सावकार, आणि समोर फुकटचं खत. कुणी येऊन सांगितलं नव्हतं की या मातीत काय आहे. मी मात्र सांगते. वर्गात दरवर्षी एक तास पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून हेच सांगते. तुमच्या शेतात टेकाड असेल, नक्षीची खापरं लागत असतील, तर जेसीबी लावण्याआधी थांबा, कुणाला तरी विचारा. खापरं उचलून घरी आणू नका. ती जिथं आहेत तिथंच बोलतात. मागच्या वर्षी एका मुलीनं बापाला अडवलं. मुरूम टाकून टेकाड सपाट करायचं ठरलं होतं, ते तूर्त राहिलंय.

चिंचणीच्या धरणाचं पाणी आल्यापासून आमच्याकडं ऊसच ऊस. आमचाही आहे, लपवत नाही. मुलांची शिक्षणं उसावर झाली. ऊस बारा-चौदा महिने रान सोडत नाही. मग खरीप कुठला आणि रब्बी कुठली? हुलगा वरच्या माळावर, मुरमाड अर्ध्या एकरात राहिलाय, तो आत्याबाई आहेत म्हणून. श्रावणात पेरतात. खत नाही, पाणी नाही, औषध नाही. शेंगोळ्यांपुरता, माडग्यापुरता आणि गाभण म्हशीपुरता होतो.

या हुलग्यावरच्या एका संशोधनानं मला वेड लावलंय. २०१७ मध्ये शार्लीन मर्फी आणि डोरियन फुलर यांनी भारतातल्या उत्खननांत मिळालेले हुलग्याचे बारा जळके दाणे इंग्लंडमधल्या सिंक्रोट्रॉन यंत्रात तपासले. अतिशय तीव्र क्ष-किरणांनी दाणा न फोडता आतून पाहता येतो. त्यांनी मोजली दाण्याच्या टरफलाची जाडी. सर्वांत जुने दाणे इ. स. पू. २००० च्या आसपासचे, नवे इ. स. १०० च्या सुमाराचे. काळ पुढं सरकतो तसं टरफल पातळ होत जातं.

टरफलाच्या जाडीचं एवढं काय? रानातल्या दाण्याला पहिल्या पावसाबरोबर उगवण्याची घाई नसते. पहिला पाऊस फसवा असू शकतो. म्हणून त्याचं टरफल जाड, पाणी आत जाऊ देत नाही. काही दाणे या वर्षी उगवतात, काही पुढच्या, काही त्याच्या पुढच्या. शेतकऱ्याला मात्र सगळे एकदम उगवायला हवेत. जो दाणा पेरल्यावर उगवलाच नाही, तो काढणीत येत नाही, म्हणून पुढच्या बियाण्यात नसतो. असं वर्षानुवर्षं होत गेलं. कुणी ठरवून केलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. हजारो बायकांनी राखून ठेवलेल्या बियाण्यातून, पिढ्यांमागून पिढ्या, टरफल पातळ होत गेलं.

हे मी आत्याबाईंना जेवताना सांगितलं. त्यांनी घास तसाच धरला.

"मंग गणंग म्हणजे तेच का गं?"

मला एकदम काही सुचलं नाही. एकवीस वर्षं मी बियांची सुप्तावस्था शिकवते. फळ्यावर आकृती काढते, परीक्षेत प्रश्न घालते. आणि हुलगे भिजत घातले की ओंजळभरात पाच-सात गणंग निघतात, रात्रभर पाण्यात राहूनही खड्यासारखे, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. दाताखाली आला की कळ जाते म्हणून निवडून टाकते. हे दोन्ही एकच आहे हे मला सुचलं नव्हतं. चार हजार वर्षं माणसानं बियाणं राखलं, तरी काही दाणे अजून रानाची सवय सोडत नाहीत.

"तेच, आत्याबाई."

"मी कधी टाकीत नाही गणंग," त्या म्हणाल्या. "धुतल्याल्या पाण्यासंगं विहिरीकडं फेकते. उगवत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी विहिरीकडं गेले. मोटारीच्या खोलीमागं, जिथं पाइपातून पाणी झिरपतं, तिथं गवतात हुलग्याचे तीन वेल होते. एकाला वाळक्या शेंगा. दुसरा फुलावर. तिसरा नुकता वर आलेला, दोन पानांचा.